चांगली दाढ

माझ्या पोरीची एक चांगली, धडधाकट दाढ मी उपटवली. हलत नव्हती, दुखत नव्हती, किडलेली तर मुळीच नव्हती. नांदेडच्या दवाखान्यात नंबर लावून, डॉक्टर नको म्हणत असताना, मीच पुढं होऊन काढायला लावली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लोक मला लई सोसलेली आई समजतात, आणि त्यांनी तसं समजलेलं मलाही आवडतं.

लोह्यात आमची पिठाची गिरणी आहे. मालक शेताकडं बघतात, गिरणी मी बघते. आम्हाला पोरगी एकच, जन्मापासून बहिरी. दोन वर्षांची होईस्तोवर आम्हाला पत्ताच नाही. गिरणीचा पट्टा सुरू असताना बाजूच्या झोळीत पोर गाढ झोपायची, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची की बघा, गिरणीवालीची लेक कशी असते. कपाळ माझं.

नांदेडला कान तपासले, कानात मशीन बसवलं, आणि बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंकडं धाडलं. त्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं की हिच्याशी हातानं बोलायचं नाही, घरातल्या कुणीच नाही. हातानं भागलं की पोर तोंड उघडणार नाही. मी तो नियम उपासासारखा पाळला. पोरीनं माठाकडं बोट दाखवलं की मी पाणी द्यायची नाही. "पाणी" म्हण, मग देते. ती हात पुढं करायची आणि मी हाताच्या पाठीवर चापट द्यायची. रडून रडून एकदाचं "पा" निघालं की पेला मिळायचा. सासूबाई म्हणायच्या, आई हायेस का वैरीण. मला त्यांचाच राग यायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं, ह्या काय सांगून राहिल्या मला.

आणि गिरणीत मी दिवसभर काय करायची? हातानंच बोलायची. पट्टा फिरायला लागला की तिथं कोण कुणाचं ऐकतंय. गिऱ्हाईकानं चिमूट चोळून दाखवली म्हणजे बारीक दळ, मूठ उघडून बोटं पसरली म्हणजे जाड. मी दोन बोटं दाखवून दाराकडं हात केला की त्याला कळायचं, दोन डबे पुढं आहेत, बाजार करून ये. अख्खा गाव माझ्याशी हातानं बोलायचा आणि कधी जवारीच्या जागी गहू पडले नाहीत. संध्याकाळी घरी आले की मात्र पोरीचे हात धरून तिला माझ्या ओठांकडं बघायला लावायची. एवढी अक्कल पाजळत होते, पण ही गोष्ट एकदाही डोक्यात आली नाही.

सातव्या वर्षी तिला लातूरच्या मूकबधिर निवासी शाळेत घातलं. तिथंही वर्गात तोंडाकडं बघूनच शिकवायचे. फळ्यावरचं उतरवून काढायचं, अक्षर मोत्यासारखं, आणि अर्थ विचारला की आनंद. पण वसतिगृहात बाई नसायच्या. तिथं मोठ्या पोरींनी लहान पोरींना हातांची भाषा दिली. सुट्टीला घरी आली की पोरगी आरशासमोर उभी राहून एकटीच हातवारे करायची, हसायची, कुणावर तरी रागवायची. मला त्यातलं ओ का ठो कळायचं नाही. टीव्हीवर कधी बातम्यांच्या कोपऱ्यात एवढ्याशा चौकटीत एखादी बाई हातानं सांगताना दिसली की ही काचेला नाक लावून उभी. मालक ओरडायचे, सरक बाजूला, बातम्या दिसंनात. ओरडून काही उपयोग नाही हे त्यांना इतक्या वर्षांत कधी आठवलं नाही. खालून जाहिरातीची पट्टी आली की त्या बाईचे हातच झाकून जायचे, मग पोरगी आपणहून येऊन खाली बसायची.

शाळेच्या गॅदरिंगला एकदा लोकल चॅनलवाले आले होते. माझ्या पोरीला माईकपुढं उभं केलं आणि ती "आई" म्हणाली. म्हणजे "आ" म्हणाली, "ई" मी मनात म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. "मुकी लेक बोलली" म्हणून तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. त्यात मी पदरानं डोळे पुसते आहे. लोह्यातल्या बायका महिनाभर मला थांबवून विचारत होत्या. त्याच व्हिडिओत मागं पडद्याजवळ चार पोरी भराभर हातानं काहीतरी सांगतात आणि पोट धरून हसतात. कॅमेरा त्यांच्यावरनं तसाच पुढं सरकतो. त्यांचं बोलणं कुणाला दाखवावंसं वाटलं नाही, आणि खरं सांगते, मलाही बघावंसं वाटलं नाही.

मग गेली दिवाळी. पोरगी पंधराची, नववीत. घरी आली तीच तोंड पाडून. करंजीला हात नाही, भाकरीला हात नाही. चहात बुडवून दोन बिस्किटं, बस. आणि दिवसातून दहा वेळा माझ्यापुढं येऊन तेच ते चार हातवारे. वाकडं बोट वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला टेकवायची. मग दोन्ही हातांची बोटं गळ्यावरून खाली छातीपर्यंत आणायची. मग एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून जोरात ओढायची. आणि शेवटी माझ्या तोंडाकडं बोट.

मी लावलेला अर्थ ऐका. डावीकडची दाढ दुखते. गळ्याखाली घास उतरत नाही. ओढून काढ. आणि तू डॉक्टरला सांग. आता यात कुणाला काय चुकीचं वाटेल? जेवत नव्हतीच ना ती. मी लवंग दिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. तिनं पेला भिंतीवर फेकला. मग वही आणून मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "दात जा. आई बोल." मालक म्हणाले, आता तर लिहून देऊन राहिली लेकरू, अजून कशाची वाट बघतीस. चौथ्या दिवशी आम्ही दोघी नांदेडला गेलो.

डॉक्टर भला माणूस होता. आरसा घालून बघितलं, फोटो काढला, म्हणाले की दाढ चांगली आहे, एवढासा डाग आहे, गोळ्या घेऊन बघा. नक्की कुठं दुखतं ते तिला विचारा, म्हणाले. मी तिच्याकडं वळले आणि तिच्यासारखंच वाकडं बोट माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला टेकवलं. आजवर चापटीशिवाय माझा हात तिच्याशी काही बोलला नव्हता. हे पहिलंच.

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. जोरजोरात मान हलवली, हाव, हाव, हाव. माझा हात दोन्ही हातांत धरला. चार दिवसांत पहिल्यांदा हसली. मला वाटलं, देवा, एकदाचं माझ्या लेकराचं मला कळलं. डॉक्टरांनी खात्रीसाठी हवेत पकड धरून ओढल्यासारखं करून दाखवलं, काढायची का? ती परत हाव. मग मी हट्टालाच पेटले. चार दिवस उपाशी आहे पोर, ती स्वतः सांगून राहिली, तुम्हाला अजून काय पाहिजे? काढा.

इंजेक्शनची सुई दिसली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. तोंड उघडंच होतं तिचं, ओरडली नाही. परतीच्या बसमध्ये गालाला बोळा धरून खिडकीकडं तोंड करून बसली, आणि उरलेली सगळी सुट्टी तिनं माझ्यापुढं एकदाही हात हलवला नाही. मी शेजारणीला सांगितलं, बघा, दाढ काढली आणि पोरगी शांत झाली.

सुट्टी संपली, मी तिला लातूरला सोडायला गेले. तिथं शिवण शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्याही बहिऱ्याच, त्याच शाळेत शिकलेल्या. पोरीला बघताच त्यांनी गालाकडं हात करून काय झालं विचारलं. मी मोठ्या फुशारकीनं तोंड उघडून, दाढ ओढल्याचं करून दाखवलं. पोरीनं त्यांना हातानं काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मापाच्या वहीतलं पान फाडलं आणि माझ्यापुढं लिहिलं.

"दात मैत्रीण नाव. दाढ दुखत नाही."

मला कळेना. त्यांनी खाली आणखी लिहिलं. "मैत्रीण दात वर दात. बिलोली. वडील ओढून नेले. लग्न रविवार. दहावी परीक्षा नाही. मुलगी सांगते, आई तोंड आहे, आई जा बोल."

मग बाईंनी एकेक खूण करून, लिहून मला समजावलं. त्या पोरी एकमेकींना हजेरीतल्या नावानं ओळखत नाहीत, त्यांची नावं हाताची असतात. एकीच्या दातावर दात आहे, तर ओठाच्या कोपऱ्याला बोट, झालं तिचं नाव. ती दहावीत, माझी नववीत. कागदावरचं तिचं नाव माझ्या पोरीनं कधी वाचलंही नसेल. गळ्यावरून खाली आणलेली बोटं म्हणजे मंगळसूत्र. दवाखान्यात मी जे बोट लावलं ते मैत्रिणीचं नाव घेतलं होतं मी. म्हणून हसली होती ती. तिला वाटलं, आईला समजलं, आई आता जाऊन बोलेल.

मी बाईंना लिहून विचारलं, माझं नाव काय आहे यांच्यात? कशाला विचारलं कोण जाणे. बाई टाळत होत्या. मी कागद पुढं सरकवला तर त्यांनी लिहिलं नाही, करून दाखवलं. एका हातानं दुसऱ्या हाताच्या पाठीवर चापट. सगळ्या वसतिगृहात मी अशीच ओळखली जाते, आठ वर्षं. मी पायरीवर बसून धाय मोकलून रडले, आणि पोरीनं मला पाणी आणून दिलं.

त्या दिवशी शुक्रवार होता. मी मोठ्या बाईंकडं गेले. त्या म्हणाल्या की मुलीला अठरा पूर्ण आहेत, उशिरा शाळेत आलेली. वडील येऊन घेऊन गेले, आम्ही अडवणार कसं. परीक्षेचा फॉर्म भरलेला आहे, मार्चमध्ये आली तर बसेल. रात्री एका नातेवाइकाकडं राहून शनिवारी सकाळी मी पोरीला घेऊन निघाले. उदगीर, देगलूर आणि मग बिलोली. गाडीत पोरगी माझ्या खांद्याला टेकून बसली होती, आणि पिशवीतला पेरू मला कापून देत होती. इतकी जवळ ती कित्येक वर्षांत बसली नव्हती. मी मनात बोलायची तयारी करून राहिले होते. आपलं तोंड खमकं आहे, गिरणीवर भल्याभल्यांना गप केलंय, त्या बापाला दोन शब्द सुनवायला काय जड आहे.

गावात पोचलो तर दारात मांडव, आणि मैत्रिणीला हळद लागलेली. तिची आजी आमच्याशी तेलुगूतच बोलत होती. मैत्रिणीच्या हातावर, गालावर हळद, आणि वरचा दात खरंच दातावर चढलेला. माझ्या पोरीला बघितलं आणि ती पाटावरून उठून जी धावली, की बायका तिला धरायला उठल्या. दोघी मांडवाच्या खांबाजवळ बसल्या आणि त्यांचे हात सुरू झाले.

मी बापाशी बोलले. चांगलं बोलले. पोरगी हुशार आहे, परीक्षा चार महिन्यांवर आहे, दहावी झाली तर नोकरीला राखीव जागा असतात, तिला शिवण येतं, तिला तिच्यासारख्यांतलाच जोडीदार मिळेल. नवरा मुलगा म्हणजे चाळिशीचा, बायको वारलेली, दोन लेकरं. हे मला तिथंच कळलं, आणि मी तेही बोलून दाखवलं. मुकी बिचारी कुणीही हाका, असं करू नका, म्हणाले. माणूस रागावला असता तर मी भांडले असते. तो रागावला नाही. त्यानं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं, आणि म्हणाला, "अक्का, तुम्ही लई चांगलं बोललाव. पण माझ्यामागं हिच्यासाठी कोण बोलंल? ते तरी बोलणारं घर हाय."

हीच तर माझी भीती. मी गेल्यावर माझ्या पोरीचं कोण, हे मी रोज गिरणीत पीठ चाळताना म्हणते. त्याच्या तोंडून तेच आलं आणि माझं तोंड बंद पडलं.

तेवढ्यात पोरगी माझ्यापुढं आली. मागं ती मैत्रीण. पोरीनं मैत्रिणीकडं हात केला, माझ्याकडं केला, मग रस्त्याकडं, मग दोन्ही हात छातीशी धरून काहीतरी. पुन्हा तेच, सावकाश. मला कळलं नाही. सगळा मांडव आमच्याकडं बघत होता. नाही कळलं म्हणून मान हलवायची तर दवाखान्यातला तो चेहरा माझ्यापुढं उभा राहिला. आणखी एकदा हिला नाही कळलं असं सांगायचं माझ्यानं होईना. मला वाटलं, मैत्रिणीला लातूरला भेटायला बोलावते आहे, परीक्षेला ये म्हणते आहे, असंच काही असेल. मी मान हलवली. हाव.

त्या पोरी जन्मभर आपल्यात बसून हेच करतात. आपण हसलो की हसतात, आपण मान हलवली की हलवतात. मी ते त्यांच्यापुढं केलं, आणि त्यांनी खरं मानलं.

मैत्रीण आत गेली. मला वाटलं, आमच्यासाठी चहा सांगायला गेली असेल. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात शाळेचं दप्तर होतं, कापडाची एक पिशवी होती आणि पायात चपला होत्या. हळदीच्याच साडीवर. ती सरळ येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. माझ्या पोरीनं तिची पिशवी घेतली.

बापाला माझ्याआधी कळलं. तो उठला आणि म्हणाला, "अक्का, तुम्ही हिला न्यायचं कबूल केलाव का?"

आता सांगते. मान हलवली तेव्हा मला कळलं नव्हतं. पण आता सगळं कळलं होतं. पोरगी अठराची होती, आपल्या पायानं निघाली होती. तिला नको आहे हे लग्न, हे मांडवातल्या प्रत्येकाला दिसत होतं. मी नुसतं हाव म्हणाले असते, तिचा हात धरून फाट्यापर्यंत चालत गेले असते, तर कायद्यानं मला कुणी अडवू शकत नव्हतं. पण भोवती माणसं उभी राहिली होती, गाव परकं, मी एकटी बाई, आणि घरी मालक काय म्हणतील, उद्या हिला ठेवायचं कुठं. इतक्या सगळ्याचा विचार एका श्वासात झाला.

"न्हाई न्हाई," मी म्हणाले. "मला समजलंच न्हाई ती काय म्हणली ते."

मी बापाकडं बघून म्हणाले, पण त्या दोघींच्या नजरा माझ्या ओठांवर होत्या. बाकी काही कळो न कळो, हा एक शब्द त्यांना कुणाच्याही ओठांवरून बरोबर कळतो. लहानपणापासून तोच सगळ्यात जास्त बघितलेला. माझ्या पोरीनं पिशवी खाली ठेवली. मैत्रिणीनं ती उचलली, दप्तर उचललं, आत नेऊन ठेवलं. चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. कुणी तिला ओढलं नाही की काही म्हटलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा आजीनं तिला खुणावलं. नवरी मुलीनं पाहुण्या सवाशिणीच्या पाया पडायचं असतं. ती आली आणि वाकली. हळदीचे तळवे माझ्या पावलांवर टेकले. मी म्हणाले, "सुखी राहा, माय." मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू गेलं. ती खाली वाकलेली होती.